सुताराची खुर्ची

स्टुडिओत त्यांना सगळे सावलीकाकू म्हणत. दुकानदार खुर्च्या, चपला, भांडी यांचे फोटो घेऊन येत. मागचा पसारा कापून टाकला की वस्तू पांढऱ्या पडद्यावर अधांतरी लटकायची. मग तिच्या पायाखाली सावली घालून तिला जमिनीवर उतरवायचं, हे काकूंचं काम. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या.

मालक त्यांच्या मुलाच्या वयाचा. तो म्हणायचा, "काकू, आता एक बटण दाबलं की सावली पडते. कशाला डोळे फोडून घेता?"

"पडते रे बाबा. पण सगळ्यांच्या डोक्यावर एकाच मापाची टोपी चढवल्यासारखी पडते."

घरीही तोच नाद. कपाची सावली बशीवर कशी वळते ते बघताबघता चहाचं पाणी होऊन जायचं. नवरा म्हणे, "माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीस."

"तुमची सावली पोटापाशीच अडते. त्यात काय बघायचं?" असं म्हणून त्या गार चहा एका घोटात संपवत.

एके दिवशी दुपारी एक म्हातारे सुतार दोन फोटो घेऊन आले. एकात नवीकोरी, रुंद हातांची खुर्ची. दुसऱ्यात फाटकाजवळ स्टुलावर बसलेली त्यांची बायको.

"हिला हिच्यात बसवायचंय," ते म्हणाले. काकूंनी पाणी दिलं, तेव्हा कुठे सांगितलं. बायको आजारी पडली, पाठ टेकवता येईना, म्हणून तिच्या मापाची खुर्ची करायला घेतली. पॉलिश वाळायला चार दिवस लागणार होते. ती दोनच दिवस थांबली.

काकूंनी बाईंना अलगद कापून खुर्चीत ठेवलं. माप जुळलं, रंगही जुळला, पण बाई काही बसेनात. गादीच्या बोटभर वर तरंगत राहिल्या. स्टुलावर ऊन डावीकडून होतं, खुर्चीवर उजेड उजवीकडून. मालकाने बटण दाबून पाहिलं, तर खाली काळा डाग उमटला, शाई सांडल्यासारखा. काकूंनी तो पुसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ सुतारांचं घर गाठलं.

खुर्ची खिडकीशी होती, चादरीने झाकलेली. आठ महिने तिच्यात कुणी टेकलं नव्हतं.

"कुणीतरी बसल्याशिवाय मला कळायचं नाही," काकू चाचरत म्हणाल्या. "वजन पडलं की गादी किती दबते, मांडीखाली अंधार कुठवर जातो, ते बघायला हवं."

सुतारांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "ताई, जरा ये गं."

मुलगी ओले हात पुसत आली. खुर्चीकडे बघून दारातच थबकली. "बाबा, तुम्हीच तर हात लावू देत नव्हता."

"आता मीच सांगतोय ना? बस."

ती आधी कडेवर टेकली, मग मागे रेलली आणि नकळत एक पाय दुमडून वर घेतला. सुतारांच्या तोंडून निघून गेलं, "तिचीच खोड." मुलीचे डोळे भरून आले, पण ती उठली नाही. काकूंनी भराभर फोटो काढले. खरं तर त्यांनाही समोरचं धूसर दिसत होतं.

नंतरचे तीन दिवस त्या एवढंच करत होत्या. खुर्चीचे पाय जिथे फरशीला टेकतात तिथे सावली गडद आणि रेघेसारखी बारीक, पुढे सरकेल तशी फिकट, विरघळणारी. काळी नाहीच, फरशीचाच तांबूस रंग जरा मावळलेला. बाईंच्या चेहऱ्यावरचं ऊनही त्यांनी हळूच खिडकीच्या बाजूला वळवून घेतलं.

सुतार फोटो न्यायला आले. चेहऱ्याकडे त्यांनी ओझरतं पाहिलं; चष्मा कपाळावर सरकवून नजर खुर्चीच्या पायांकडे नेली.

"हं," ते म्हणाले. "बसली." मग फोटोवर बोट टेकवलं, "पण या हाताखाली सावली जाड झालीय. तिथे मी लाकूड तासून पातळ केलंय, तिच्या कोपराला टोचू नये म्हणून."

मालक मागून कुजबुजला, "आता कोण बघणार आहे ते?"

"हे बघतायत ना," असं म्हणत काकूंनी स्टुडिओतली एक खुर्ची ओढली आणि सुतारांना शेजारी बसवून घेतलं. "सांगा, किती पातळ?"

त्यांनी बोटांच्या चिमटीत अंतर दाखवलं. काकूंनी सावली तेवढीच तासली. "आणखी केसभर," ते म्हणाले. काकूंनी आणखी केसभर तासली. दोघांचं समाधान होईपर्यंत स्टुडिओ बंद करायची वेळ झाली होती, आणि मालक कुलूप हातात घेऊन निमूटपणे दारात उभा होता.