भुईवर निजलेला माणूस

माझे मालक बर्माच्या लढाईतून परत आले ते हातीपायी धड. गावानं तेवढंच पाहिलं. शेजारच्या शेतात विहिरीला सुरुंग लागला, की ते भरलं ताट सोडून बैलबंडीखाली शिरत. झोप नव्हतीच. तासभर डोळा लागलाच तर घामानं अंथरूण भिजे. सासूबाईंनी मिरच्या ओवाळल्या, मंगरूळच्या दर्ग्यावरून दोरा आणून दंडाला बांधला. लग्नानंतर दोनच महिन्यांत ते पलटणीत गेले होते, त्यामुळे माणूस आधी कसा होता हे मला तरी कुठे धड ठाऊक होतं?

सासूबाई शिरपूरला भावाकडे गेल्या, तेव्हा एका दुपारी मालकांनी मला लष्करी इस्पितळातली हकिगत सांगितली. तिथला एक डॉक्टर अशा शिपायांना जमिनीवर उताणं निजवी आणि हळू आवाजात एकेका अवयवाचं नाव घेई. नाव येईल तो अवयव सैल सोडायचा, श्वास सावकाश सोडायचा. बाजेवर हे जमत नाही, तिला झोळ पडतो.

"तू म्हन," ते म्हणाले. "मी माह्याच तोंडानं म्हनलं तं झोप येत नाई."

नवऱ्याला हुकूम सोडायचा म्हणजे मला हसूच फुटलं. पहिल्या दिवशी पायाच्या अंगठ्यापाशीच मी पदर तोंडात कोंबला. ते चिडले. चौथ्या दिवशी मात्र मी गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत ते घोरायला लागले. मी तिथंच बसून राहिले. सैल पडलेला तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो मला फार आवडला.

आठव्या दिवशी सासूबाई परतल्या. दारातून त्यांना काय दिसलं, तर मुलगा उघड्या भुईवर उताणा, पाय दक्षिणेकडे आणि सून उशाशी बसून काहीतरी पुटपुटतेय. आमच्याकडे जीव जायला लागला की माणसाला बाजेवरून भुईवर घेतात. त्यांनी तिथंच हंबरडा फोडला. अर्धी गल्ली धावून आली. एक अतिशहाणा तर बांबूची चौकशी करायला लागला. हे दचकून उठले ते थेट कणगीमागे शिरले आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आले नाहीत.

सासूबाईंनी माझा हात माझ्याच मंगळसूत्रावर ठेवून, पुन्हा त्यांना भुईवर निजवणार नाही, अशी शपथ घातली. जित्या माणसाला भुईवर घेतलं की यमाला घर कळतं, असं त्या म्हणाल्या. एकुलता एक मुलगा, चार वर्षं त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली बाई, तिला मी काय बोल लावू? मला ते पटलं, हा दोष माझा.

चार दिवसांनी मालकांनी मला गोठ्यात गाठलं. डोळे लालभडक झाले होते.

"एकडाव म्हन. मायले नाई समजत."

"बाजीवरच निजा ना," मी म्हटलं. "मले कुकवाचं भेव वाटते."

ते माझ्या कपाळाकडे बघत राहिले. मग बरं म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. पुन्हा त्यांनी कधी मागितलं नाही. बाजेवर पडल्या पडल्या त्यांचे ओठ हलताना मी पुष्कळदा पाहिले. मी कूस बदलत असे.

त्या वर्षी वटपौर्णिमेला बायांनी मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. भुईवर गेलेला नवरा हिनं माघारी आणला, हिचं कुंकू बळकट, असं सासूबाईंनी गावभर केलं होतं. मीही मान खाली घालून सूत हातात घेतलं. घरी ते भिंतीला टेकून, टक्क डोळे उघडे ठेवून बसलेले होते. मी वडाला फेरे घातले आणि सात जन्म हाच नवरा मागितला. त्यांना एक दुपार झोप मिळू दे, एवढं मागायचं मला सुचलं नाही.