शेवटच्या पाळीचे पाणी

श्री. याकोबभाऊंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या रागावण्यानेच झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सानगडीच्या बाजूच्या आमच्या या गावी माझी शाळेवर बदली झाली. संध्याकाळी तलावाच्या बांधावर फिरायला गेलो. समोर लाल पाणी, पाण्यात बगळे. मला राहवले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायची कविता मी तिथेच मोठ्याने म्हणू लागलो. तेवढ्यात खालून हाक आली, "ओ गुरुजी! कविता बाजूनं म्हणा जी, पाय तुडुमावर हाये तुमचा! माती खचली तं कवितेसंग तुमीबी वाहून जासान!"

तुडुम म्हणजे तलावातून शेतांना पाणी सोडायचे दार. त्याचे राखणदार, म्हणजे गावचे पाणकर, याकोबभाऊ होते. मी ओशाळून बाजूला झालो. तेव्हा खांद्यावरचे फावडे खाली ठेवून ते म्हणाले, "आता म्हणा. मघाशी अर्धीच आयकलो." त्यांनी पूर्ण कविता उभ्याने ऐकली. पुढे कित्येक वर्षे नव्या पुस्तकातली प्रत्येक कविता मी आधी त्यांना म्हणून दाखवत असे.

याकोबभाऊंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या ख्रिस्ती मंडळीने आणि गावाने मिळून हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, याचा मला फार आनंद झाला. गावात ख्रिस्ती घरे पाच-सहाच. बाकी सारे पिढीजात धान पिकवणारे हिंदू. तरी पाण्याचा विश्वास सगळ्यांनी या एकाच माणसावर टाकला होता. पाणी सोडण्याआधी भाऊ टोपी काढून, डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करीत. त्यांचे पाहून बांधावरचे शेतकरीही टोप्या काढीत. एखादा चावट पोरगा म्हणे, "भाऊ, प्रार्थना लहान करा ना, पाणी उतरून राहिलं!" त्यावर डोळे न उघडता भाऊ म्हणत, "तुह्याचसाठी करून राहिलो बापा, म्हणून लांबली."

नियमाला मात्र ते कडक होते. पाणी घ्यायच्या पाळीच्या वेळी जो आपल्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, हजर नसेल, त्याचे पाणी पुढच्याला जाई. यात त्यांनी पाटलांचीही गय केली नाही. स्वतःचे शेत पाटाच्या अगदी शेवटी, म्हणून स्वतःची पाळीही त्यांनी शेवटचीच ठेवली होती.

एका वर्षी पाऊस लवकर परतला. धान निसवायच्या, लोंब्या धरायच्या बेतात होते आणि तलावात एकेका पाळीपुरतेच पाणी उरले होते. त्याच उन्हाळ्यात माझी पत्नी वारली होती. मी शाळेत जाई, हजेरी घेई, पण कविता म्हणणे सोडले होते. इथे आल्यावर घेतलेली दोन बांधी शेती विकायची आणि दूर कुठेतरी निघून जायचे, असे मनात पक्के करून बदलीचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. हे फक्त भाऊंजवळ बोललो होतो. माझी पाळी केव्हा आली आणि केव्हा गेली, मला कळलेही नाही. आठवड्याने भीतभीत शेतावर गेलो, तर धान हिरवेगार. शेजारच्या बांधीतून पाझरले असेल, असे समजून परतलो. कोणाला विचारण्याइतकाही जीव उरला नव्हता.

कापणी झाल्यावर भाऊ घरी आले. "गुरुजी, रविवारी आमची उपकारस्तुती हाये. तुमी या."

"आभार कायचे मानून राहिले भाऊ यंदा?" मी जरा कडवटच बोललो.

"याल तं समजन," एवढेच म्हणाले.

त्यांच्या मंडळीत अशी रीत आहे की प्रत्येक घराने नव्या धानाची एक पेंढी आणून ठेवायची आणि त्या सालातल्या एका गोष्टीसाठी तोंडाने देवाचे आभार मानायचे. भाऊंच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, पाच-सहा पेंढ्या मांडल्या होत्या. त्यातली एक करपट, पोचट. ती भाऊंची होती. भाऊंच्या पत्नी रूथवहिनी खाटेवर होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे अर्धे अंग लुळे पडले होते, जीभ मात्र शाबूत होती. मी त्यांना विचारले, "वहिनी, तुमच्या शेताला पाळी मिळाली नाही का?"

"मिळाली ना. पाणी कोनाच्या बांधीत गेलं, तुमाले नाही मालूम?"

"रूथ!" भाऊ एकदम ओरडले.

"काहून ओरडता? गुरुजी हायेत, त्याइले हिशेब नको का समजाले?"

मी पुन्हा त्या पोचट पेंढीकडे पाहिले. नियम भाऊंनी माझ्यासाठी मोडला नव्हता. माझी चुकलेली पाळी पुढच्याला गेलीच होती. त्यांनी मला दिली ती त्यांची स्वतःची, शेवटची पाळी.

प्रार्थना सुरू झाली. भाऊ उभे राहिले, टोपी काढली. "प्रभू, या सालात रूथचा डावा हात हलला. तिनं चहाचा कप आपल्या हातानं उचलला. तुही उपकारस्तुती करतो." बस. शेताचे नावही नाही. वहिनी खाटेवरून म्हणाल्या, "अन् अर्धा चहा सांडला, तेबी सांगा देवाले." सारे हसले. भाऊही हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले.

एकेक करत सर्वांचे झाले आणि लोक माझ्याकडे पाहू लागले. मी ख्रिस्ती नव्हे, आजही नाही. पण उठलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता पाठ म्हणणाऱ्या मला स्वतःचे एक वाक्य जुळेना. शेवटी तोंडून एकच शब्द निघाला, "पाणी."

"आमेन," भाऊ म्हणाले.

बाहेर पडताना मी त्यांचे हात धरले. म्हणालो, "भाऊ, तुमचं वर्षाचं धान गेलं हो!"

"बियाण्यापुरतं निघालं ना जी. पाणी तं वरच्याचं होतं, मी फक्त फावडं मारलो. अन् तुमी गेले असते, तं मले कविता कोन आयकवला असता?"

तो अर्ज मी घरी जाऊन चुलीत घातला. सोमवारी वर्गात कविता म्हटली. आवाज फाटला, मुले हसली, मीही हसलो. पुढे इथूनच निवृत्त झालो. त्या सालापासून माझ्या बांधीतली पहिली पेंढी न चुकता भाऊंच्या छपरीत जाते. दुःखात असलेल्या माणसाला भाऊंनी कधी उपदेश केल्याचे मला आठवत नाही. ते त्याला चहाला बोलावतात, आणि सालात काय काय गेले हे त्याने सांगून झाले की हळूच विचारतात, "अन् राहिलं काय काय?"

भाऊ, तलावावर आता नवा पाणकर आहे. तोही पाणी सोडण्याआधी टोपी काढतो. माझे गुडघे दुखतात, पण यंदाची पेंढी मी स्वतःच घेऊन येणार आहे. देव तुम्हाला आणि रूथवहिनींना निरोगी, उदंड आयुष्य देवो. त्या छपरीत अजून पुष्कळ वर्षे माझी पाळी यावी, मी तोच एक शब्द म्हणावा, आणि "आमेन" म्हणायला समोर तुम्ही असावे.