वांग्याच्या रानात गाडलेली मोहरी

वनस्पतीचा अर्क म्हणून हिरवी बाटली विकणारा एक माणूस आमच्याकडे येऊन गेला होता. त्या पाण्याला कडुलिंबाचा वास होता, बाकी काही नव्हतं. वांगी मेली ती मेलीच. तेव्हापासून झाडपाल्यानं रोग जातो असं कोणी म्हणालं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते.

पलूसजवळ आमचं उसाचं रान आहे. त्यातले दहा गुंठे सून भाजीला ठेवते. दोन वर्षं तिथली वांगी ऐन फळावर सुकली. रोग मातीतच होता. मुलगा म्हणाला, यंदा गेली तर तिथंही ऊस. सुनेला ते नको होतं. ती जतकडची, टँकरच्या पाण्यावर वाढलेली. पाटाचं पाणी मिळालंय तर स्वतःची भाजी पिकवायचीच, हा तिचा हट्ट.

कुठल्याशा शिबिरातून ती शिकून आली. मोहरी पेरायची, फुलावर आली की बारीक कापून लगेच मातीत गाडायची, पाणी देऊन वर प्लास्टिकचा कागद अंथरायचा. आत जो झणका सुटतो तो रोगाला मारतो म्हणे.

"फोडणीनं रोग मरतो व्हय गं?"

"आवं आत्या, बघा तरी."

"लय बघितलंय."

म्हैस दावणीला वाळका कडबा चघळतेय आणि हिरवागार पाला मातीत घालायचा, हे मला पटेना. मोहरी फुलावर आली तेव्हा बांधाकडच्या तीन सरी तिनं कापून गाडायला माझ्याकडे दिल्या होत्या. ती पलीकडच्या टोकाला वाकलेली बघून मी माझी मोहरी ओझं बांधून गोठ्यात नेली. परत येऊन रिकाम्या सरींवर माती ओढली.

"लवकर उरकलं की आत्या!" ती खूश होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुधाला उग्र वास आला. तिनं विचारलं, तर मी म्हणाले, "तुझ्याच हाताचा वास हाय त्यो. चरवी नीट घासत जा."

तीन आठवड्यांनी रोपं लावली. फळ धरलं आणि बांधाकडची झाडं माना टाकू लागली. तीनच सरी. मी एक बुंधा चिरला, आत तपकिरी, गेल्या दोन वर्षांसारखाच. शेजारच्या सरीतला चिरला, पांढरा. दोन्ही बुंधे मी बांधापलीकडे फेकले.

मुलगा बांधावर आला. "झालं. हितनं सुरवात झाली. उद्या ट्रॅक्टर सांगतो."

सून मेलेली झाडं उपटायला लागली. मी गप्प बसले असते तर माझं काही जात नव्हतं. तिचं रान जात होतं.

"हितली मोहरी म्हशीनं खाल्ली," मी म्हणाले. "मीच घातली. मातीत गेलीच न्हाई."

मुलगा हसायला लागला. सून हसली नाही. "आन् चरवी मी दोनदा घासली," ती म्हणाली.

मुलानं उभ्या झाडांतून एक फेरी मारली. "ऱ्हाऊ दे मग यंदा," म्हणाला आणि गेला.

मला अजून पुरतं पटलेलं नाही. बांधाकडे पाणी साचतं, झाडं त्यानंही मेली असतील. तसं मी सुनेला बोलून दाखवलं. तिनं त्या तीन सरींत पुन्हा मोहरी पेरलीय आणि मला सांगून ठेवलंय, "ह्या टायमाला तुमी फकस्त बसायचं." बसेन. पाणी कुठं मुरतं तेवढं बघत बसेन.