एका जबाबाचं भाषांतर

त्या मंगळवारची घटना मी विसरलेलो नाही, आणि ती विसरावी असंही मला वाटत नाही. निवृत्तीनंतर लोक भेटतात, खुनाचे आणि दरोड्यांचे किस्से सांगा म्हणतात. मी सांगतोही. ही केस मात्र मी आजवर टाळत आलो, कारण तिच्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही.

आमचं घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांपासून आहे ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, असंच आम्ही वाढलो. ठाण्यात मराठी येणारा अधिकारी मी एकटा. त्यामुळे पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी आलेल्या कोणाचा जबाब घ्यायचा असला की ठाण्यातला लिखापढी करणारा रायटर कागद घेऊन माझ्याकडे यायचा. मला त्याचा तोरा होता, हे आधीच कबूल करतो.

मल्लेश्वरमच्या बाजूला एका ठाण्यात मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. हद्दीत एक जुनी बाजारगल्ली होती. खाली फुलं, भाजी, पूजेचं सामान आणि वर दोन-दोन मजल्यांची घरं. ती गल्ली दिवसभर वाहनांना बंद करण्यात आली होती. दोन्ही तोंडांना बॅरियर बसले. आत फिरायची परवानगी फक्त विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांना. त्यांच्या चालकांजवळ कार्ड असे, ते दाखवलं की बॅरियर वर जाई. एका बॅरियरच्या शेजारीच चार्जिंगचा खांब उभा केला होता.

त्याच सुमारास गॅसवरच्या रिक्षा काढून विजेच्या घ्या, असाही तगादा सुरू झाला होता. घर बांधणाऱ्याला छतावर सोलर बसवल्याशिवाय वीजजोडणी मिळत नव्हती. लोक जाम वैतागले होते. दुकानदार, रिक्षावाले, भाडेकरू, सगळे अर्ज घेऊन ठाण्यात यायचे आणि आम्ही त्यांना सांगायचो की हे आमचं काम नाही, त्या ऑफिसात जा. ते ऑफिस त्यांना तिसरीकडे पाठवी. मी स्वतः या नियमांच्या विरोधात नव्हतो. नोकरीतली सुरुवातीची वर्षं मी चौकात उभा राहून धूर गिळलेला आहे. रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्यात असं मला मनापासून वाटायचं.

मंगळवारी दुपारी एक वाजून गेल्यावर त्या बॅरियरच्या कंट्रोल बॉक्समध्ये स्फोट झाला. आग शेजारच्या चार्जिंगच्या खांबाला लागली आणि तिथे लावलेली एक गाडी पेटली. तिची चालक बाई जवळच बसून डबा खात होती. गाडी वाचवायला ती धावली आणि तिचे दोन्ही हात भाजले. बॅरियरचा गार्ड जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी पेपरांत ‘पर्यावरण योजनेवर हल्ला’ अशा बातम्या आल्या. रिक्षा युनियनने त्याच आठवड्यात बंदची घोषणा केलेली होती. ए.सी.पी. साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, “अजून कोणाला उचललं नाही?”

साक्षीदार मंगळवारीच मिळाली, पण एकच. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारी, पुण्याहून आलेली, घरून काम करणारी एक मुलगी.

“सर, मी कॉलवर होते, त्यामुळे खाली बघितलं नाही,” ती म्हणाली. “पण कोणीतरी बाई जोरात ओरडली, ‘आज बंद, आज बंद!’ मग खाली एकदम गडबड झाली. आणि दहाएक मिनिटांत तो ब्लास्ट. इट वॉज स्केअरी, सर.”

“‘आज बंद’ असंच म्हणाली? नक्की?”

“हो, क्लिअर ऐकलं मी. मला वाटलं रिक्षावाल्यांचा प्रोटेस्ट सुरू झाला.”

मी जबाब लिहून घेतला. फाईल कन्नडमध्ये असते, म्हणून ‘आज बंद’चं भाषांतर मी जागच्या जागी केलं: ‘इवत्तु बंद्’. इवत्तु म्हणजे आज. चूक शोधावी असं त्यात मला काही दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी ठाण्यात एक निनावी फोन आला. बोलणाऱ्याने एका रिक्षाचा नंबर दिला आणि ही रिक्षा बंद गल्लीत चोरून शिरते, असं सांगून फोन ठेवला. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानाचं सीसीटीव्ही पाहिलं. स्फोटाच्या जेमतेम मिनिटभर आधी तीच रिक्षा गल्लीतून बाहेर पडताना दिसत होती. मागची ताडपत्री खाली सोडलेली, आत कोण ते दिसत नव्हतं. रिक्षावाला बनशंकरी भागातला होता आणि युनियनच्या सभेत तावातावाने बोललेला होता. साक्ष, नंबर, फुटेज, सगळं एकमेकांत चपखल बसलं. बुधवारी सकाळी त्याला अटक केली. मॅजिस्ट्रेटनी तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

तो चाळिशी उलटलेला, शांत माणूस होता. हेड कॉन्स्टेबल कन्नडमध्ये विचारत होता, तो गप्प. गल्लीत का गेलास? गप्प. रिक्षात कोण होतं? गप्प. माझ्या शर्टावरची नावाची पट्टी त्याने वाचली, आणि हेड कॉन्स्टेबल पाणी आणायला बाहेर गेल्यावर एकदम मराठीत बोलला. आमच्या घरात बोलतात तीच, कन्नडची फोडणी दिलेली मराठी.

“अण्णा, आग मी लावली नाही. तेवढं सोडून काय लिहायचं ते लिवा. शुक्रवारी स्वल्प वेळ सोडा मला. अकरा वाजता सोडा, चारला परत येऊन बसतो हितंच. हवालदार संगती द्या.”

“शुक्रवारी काय आहे?”

“ते नाही सांगता यायचं.”

“बंद आहे ना युनियनचा शुक्रवारी?”

“त्याच्यासाठी नव्हे, अण्णा. देवाशपथ नव्हे. एकाचं फार वाईट होईल.”

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो त्याच्या मराठीचा आला. भाषेची ओळख दाखवून हा माझ्याकडून सूट काढू पाहतोय, उद्या ठाण्यात म्हणतील साहेबांनी आपला माणूस सोडला, हेच माझ्या डोक्यात आलं. मी त्याला कन्नडमध्ये उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. इथे मला साहेब म्हणायचं, अण्णा नाही. त्याने मान खाली घातली. गुरुवारी त्याने तीच विनवणी पुन्हा केली, या वेळी कन्नडमध्ये, मला साहेब म्हणून. शुक्रवारी सकाळी त्याने कोठडीच्या गजांजवळ उभं राहून किती वाजले ते तीनदा विचारलं. दुपारनंतर विचारायचं थांबला. हेड कॉन्स्टेबल म्हणाला, “साहेब, हा आता मोडला. संध्याकाळी बोलेल.” संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

पंचवीस-तीस वर्षांत मी पुष्कळ आरोपी पाहिले होते. स्वतःला वाचवण्यासाठी गप्प राहणारा माणूस अधूनमधून आपल्याकडे बघतो, आपल्याला किती कळलंय याचा अंदाज घेतो. हा बघत नव्हता. मला ते जाणवलं होतं, तरी मी त्याचा विचार केला नाही.

शनिवारी सकाळी फेर-महजर करायला मी गल्लीत गेलो. महजर म्हणजे महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात तो. जळालेल्या बॉक्सची मापं घेणं चालू होतं. मी फुलं विकणाऱ्या एका बाईजवळ उभा होतो. उत्तर कर्नाटकातल्या विजयपूरकडची बाई, आवाज खणखणीत. तेवढ्यात गल्लीच्या आतून एक म्हातारा येताना दिसला. त्याच्याकडे नजर जाताच ती सवयीने ओरडली, “अज्ज बंद! अज्ज बंद!”

आणि माझ्यासमोर भाजीवाल्या, फुलवाल्या, लिंबूवाला, सगळ्यांनी आपापल्या टोपल्या भराभर मागे ओढल्या. गल्लीच्या मधोमध रिक्षा जाईल एवढी वाट मोकळी झाली. मग त्यांना माझी वर्दी दिसली. सगळे जागच्या जागी थिजले, आणि एकेकाने टोपली गुपचूप पुन्हा पुढे सरकवली.

बेंगळुरूत आजोबांना बहुतेक लोक ताता म्हणतात. उत्तर कर्नाटकातली माणसं अज्ज म्हणतात. आणि ‘बंद’ म्हणजे कन्नडमध्ये ‘आला’. आजोबा आला. पुण्याच्या मुलीने जे ऐकलं ते तिच्या कानाने ऐकलं, तिचा काय दोष? दोन्ही भाषा येत होत्या मला. तिने उच्चारलेले शब्द मी तसेच कागदावर उतरवले असते तर ठाण्यातल्या कोणत्याही कन्नड शिपायाने ते वाचून सांगितलं असतं. मी त्यांचं भाषांतर केलं आणि मूळ आवाज फाईलमधून पुसून टाकला.

“चौकशीत का नाही बोललीस?” मी फुलवालीला विचारलं.

“तुम्ही विचारलंत, आग कोणी लावली,” ती म्हणाली. “आग कोणी लावलीच नव्हती, साहेब. काय सांगू?”

म्हाताऱ्याने मला दोन मजले चढवून घरी नेलं. तो वीज खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन होता. खाटेवर त्याची बायको उशांना टेकून बसली होती. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, श्वास लागलेला. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस असे. लिफ्ट नव्हती. रिक्षावाला तिला उचलून खाली आणी. गल्ली बंद झाल्यावर बॅरियरपर्यंत तिला उचलून नेणं त्यालाही जमेना. म्हाताऱ्याने परवानगीसाठी अर्ज केले. विजेची गाडी बोलवा, असं उत्तर आलं. त्या गाड्यांचे चालक म्हणत, आम्ही माणूस उचलत नाही. मग म्हाताऱ्याने आपलं जुनं कसब वापरलं. गार्ड जेवायला गेला की तो बॉक्समधला फ्यूज काढी, बॅरियर हाताने वर करी, रिक्षा आत येई, बाईला घेऊन बाहेर पडे, आणि तो फ्यूज परत जागेवर बसवी. फुलवाली हाक देई, टोपल्या सरकत.

“गेल्या आठवड्यात त्यांनी चार्जिंगची लाइनही त्याच बॉक्समधून ओढली,” तो म्हणाला. “मला ठाऊक नव्हतं, नाहीतर त्या जादा लोडवर जुना फ्यूज बसवलाच नसता. फ्यूज बसवून मी कोपऱ्यावर रिक्षात चढलो. मागे आवाज झाला. धूर पाहिला मी, साहेब. पण तिच्या मशिनची वेळ चुकवता येत नव्हती. त्या बाईचे हात भाजले ते पेपरात वाचलं. तेव्हापासून जेवण जात नाही.”

“ठाण्यात का नाही आलात?”

“त्याचा निरोप आला होता. युनियनचा वकील त्याला भेटला ना, त्याच्याकडून. शुक्रवारपर्यंत थांबा, साहेब मला सोडतील, आधी अक्काला, म्हणजे हिला, दवाखान्यात नेऊ. मग तुम्ही जा. आज मात्र मी तुमच्याकडेच निघालो होतो.”

पुढचं मी थोडक्यात सांगतो. मी आणि हेड कॉन्स्टेबलने तिला खुर्चीत बसवून खाली आणलं आणि जीपमध्ये घातलं. दुसऱ्या टोकाच्या बॅरियरच्या गार्डने आम्हाला बघून सलाम ठोकला आणि दांडा वर केला.

म्हाताऱ्याने विचारलं, “ही गाडी कशावर चालते, साहेब?”

“डिझेलवर,” मी म्हणालो. 

रविवारी पहाटे ती गेली. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, शुक्रवार चुकला नसता तरी फार दिवस काढले नसते. ते वाक्य मी बरेच महिने धरून बसलो होतो. आता धरत नाही.

म्हाताऱ्यावर निष्काळजीपणाचं कलम लागलं. त्याने कोर्टात पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. भाजलेल्या बाईची त्याने हात जोडून माफी मागितली आणि तिने ती दिली. रिक्षावाल्याच्या सुटकेसाठी मी जो अहवाल दिला, त्यात साक्षीदाराच्या शब्दांचं चुकीचं भाषांतर तपास अधिकाऱ्याने केलं, असं स्पष्ट लिहिलं. त्याची नोंद माझ्या सेवापुस्तकात झाली. व्हायलाच हवी होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत साक्षीदाराचे शब्द मी त्याच्याच भाषेत, त्याने उच्चारले तसे लिहून घेतले, आणि अर्थ खाली वेगळ्या ओळीत.

त्या नियमांबद्दल मला आजही तक्रार नाही. गल्लीत आता मुलं मोकळी चालतात, हवाही बरी आहे. पण नियम करणाऱ्यांनी ज्याला तो पाळता येणार नाही अशा माणसाने कोणाकडे जायचं, ते ठरवलंच नव्हतं. लोक चिडतात ते बहुतेक वेळा नियमावर चिडलेले नसतात. आपलं म्हणणं ऐकायला समोर माणूसच नाही, याचा तो संताप असतो. रिक्षावाल्याला माझ्या रूपाने एक माणूस मिळाला होता. त्याने तर माझ्या घरच्या भाषेत सांगितलं होतं.

सोमवारी कोर्टाचा हुकूम आला आणि तो सुटला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पोलीस कोठडी संपल्यावर त्याला तुरुंगात पाठवलं होतं, तिथल्या फाटकाशी मी उभा होतो. मी माफी मागणार होतो, वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्याने चपला घातल्या, माझ्याजवळ आला आणि रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात विचारलं, “अण्णा, शुक्रवारी अक्काला कोणी नेलं?”

मी मराठीतच उत्तर दिलं. म्हणालो, “कोणीच नाही.”