दहात तीन

तापीकाठच्या गावांना हवामानाचा निरोप पाठवणं हे माझं काम. बुऱ्हाणपुरात आमचं एक लहानसं शेती-सल्ला केंद्र आहे. वरच्या ऑफिसात यंत्र हवामानाचा अंदाज काढतं, तिथून हिंदीत कागद येतो. त्यात पाऊस, वारा, ऊन आणि प्रत्येकापुढे त्याची शक्यता, दहात किती ती. मी ते आपल्या बोलीत करायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि आठवड्यातून दोनदा केळीवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा.

लोकांना शक्यता नको असते. "बाई, येनार का नाही येनार, तेवढं बोला!" एकदा मी सांगितलं, वादळाची शक्यता निम्मी-निम्मी आहे, सांभाळून राहा. वादळ दुसरीकडे वळलं. मग काय विचारता! माझ्या माहेरी, फोपनार गावात, चहाच्या टपरीवर माझं नाव पडलं शक्यताबाई. "बाईचं वादळ असीरगढचा किल्ला चढायला गेलं, दमून वरच बसलं," कोणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. मीही हसले, पण आतून नुसता जळफळाट. मी मूळची तापट. "तुमच्या पोराला यंदा बायको मिळेल का, ते तरी पक्कं सांगता येतं का तुम्हाला?" असं एकाला तोंडावर विचारून आले होते. पण खरं सांगते, त्या दिवसापासून माझ्या निरोपातली शक्यता गळत गेली. कागदात दहात दोन असले की मी सरळ 'नाही' म्हणायचे. बहुतेक वेळा ते खरंच व्हायचं. बाई सुधारली, असं लोक म्हणायला लागले आणि मला ते आवडायचं.

माझा मोठा भाऊ फोपनारला केळी करतो. ही गोष्ट घडली त्या साली त्याच्या शेतात उभी होती ती बाग वहिनीच्या हातची. एकेक कंद तिनं पारखून घेतला होता, मजुरांच्या बरोबरीनं लावला होता. बाग डोक्याच्या वर गेली आणि दिवाळी झाल्यावर वहिनी गेली. तीन दिवसांचा ताप, बस. त्यानंतर भाऊ घरात कमी आणि बागेत जास्त दिसायचा. व्यापारी दोनदा येऊन गेला, भावानं त्याला परत पाठवलं. "तिचा माल आहे. पुरा भरल्याशिवाय कापनार नाही," म्हणाला.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. वहिनीची ती पहिली घागर. मी दोन दिवस आधीच माहेरी गेले. निघताना सकाळचा कागद वाचला होता. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी वारावादळ, दहात तीन.

भाऊ ओट्यावर नवी घागर पाण्यात बुडवून ठेवत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "बाई, तुझा कागद काय म्हनतो? आखाजीला एकही मजूर यायचा नाही. कापायचं तर उद्याच, अन् टोळीला आजच सांगावं लागीन. घड भरायला अजून आठ दिवस पाहिजेत. पन तू म्हनशीन तसं."

माझी जीभच रेटेना. ज्या घरात मेलेल्या बाईला परवा पाणी पाजायचं, तिथं वादळाचं अभद्र कुठं बोलू? आणि लपवायचं कशाला, टपरीवरचं ते नावही डोक्यात होतं. भावासमोर तरी मला शक्यताबाई व्हायचं नव्हतं.

"नाही येत वादळ. राहू दे बाग."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानं टोळीला निरोप धाडला नाही.

आखाजी नीट पार पडली. घागर भरली, भावानं हात जोडले, आमरस पानात पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आभाळ पिवळं झालं. वीस मिनिटं, जास्त नाही. वारा थांबल्यावर आम्ही धावत शेतात गेलो. सगळी बाग एकाच अंगाला झोपली होती, खोडं कमरेतून मोडलेली, घड चिखलात. मी तिथंच मोठमोठ्यानं रडायला लागले. भाऊ रडला नाही. एका घडावरचा चिखल हातानं पुसत म्हणाला, "भरत आला होता."

टपरीवर बोलणं सुरू झालंच. शक्यताबाईनं सख्ख्या भावाला बुडवलं म्हणे. भाऊ शांत माणूस, त्याचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. त्या दिवशी मात्र तो सगळ्यांवर ओरडला, "माझ्या बहिनीनं कागदात होतं ते सांगितलं! कागद खोटा! ते यंत्र खोटं!" मी दोन पावलांवर उभी होते आणि गप्प बसले.

नंतरही गप्पच राहिले. तो ग्रुपमधून निघून गेला. भेटेल त्याला सांगायचा, त्या यंत्रावर भरोसा ठेवू नका. त्याचं ऐकून आणखी चारजण निघाले. मी आता कागदातली शक्यता जशीच्या तशी सांगत होते, दहात चार, दहात सहा, कोणी हसो की रडो. पण ज्यानं ऐकायला हवं तो ऐकतच नव्हता. कागद खरा होता आणि खोटी मी, हे एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. लाज वाटते सांगायला, पण माझ्यासाठी तो भांडला, हे मला गमवायचं नव्हतं.

वहिनीच्या वर्षश्राद्धाला शेवटी बोलले. पाहुणे जेवून गेले होते, आम्ही दोघंच पत्रावळी गोळा करत होतो.

"भाऊ, तो कागद खोटा नव्हता. त्यात दहात तीन लिहिलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

त्याचा हात थांबला. "तीन?"

"हो."

त्यानं हातातली पत्रावळ खाली ठेवली. मग हळूच, हिशोब केल्यासारखा बोलू लागला. "तीन म्हनली असतीस तर आर्धी कापली असती. वाऱ्याच्या तोंडची. बाकीची पानं छाटली असती, खोडांना बांबूचे टेकू दिले असते. तिच्या हातचं आर्धं तरी राहिलं असतं."

"मला वाटलं तुला काहीतरी पक्कं हवंय."

"मी पक्कं इचारलं, खरं हाये," तो म्हणाला. "ते तर बाई, मानूस इचारतोच. पन तीस वर्सं झाली केळी करतो. मला पक्कं कधी कोनी दिलं? दहात तीन एवढं मला कळलं नसतं, असं वाटलं तुला?"

त्यानं पत्रावळी उचलल्या आणि गोठ्याकडे निघून गेला.

भाऊ आता परत ग्रुपवर आहे. निरोप ऐकतो, त्याप्रमाणे बांबू लावतो, अर्धी कापतो, अर्धी ठेवतो. मी गेले की चहा करतो, मुलांचं विचारतो. पण हवामानाचं मला तो कधीच काही विचारत नाही. बाग गेली ते त्यानं केव्हाच माफ केलं. मी त्याला येडा समजले, ते माफ केलं नाही.