फिरंगी गव्हर्नराची हजामत

भुतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भुताच्या गोष्टी सांगायला मात्र भारी आवडतं! वर्गात पोरांची बोबडी वळवायची आणि घरी येऊन स्वस्थ दोन भाकऱ्या जास्त खायच्या, असा मी मास्तर. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी मी रेवदंड्याच्या शाळेत होतो. तिथं किल्ल्यात, पडक्या चर्चच्या आवारात, समुद्राकडच्या उंचवट्यावर एका फिरंगी गव्हर्नराचं थडगं होतं — पुरुषभर उंच आणि पांढरंशुभ्र. कोळी दर नारळी पौर्णिमेला त्याला चुना देत. मला वाटे, काय ही गव्हर्नरावर भक्ती! चुन्याखाली अक्षरं होती. ती वाचून मासिकात लेख छापायचा, नाव कमवायचं... म्हणून एका रविवारी दुपारी मी खुरपं घेऊन बसलो. तासाभरात दगड काळाठिक्कर.

"मास्तर! काय केलाव ह्ये?"

मागं धर्मा तांडेलाची आई, गोमाआय.

"गव्हर्नरसाहेबांची हजामत!" मी ऐटीत म्हणालो.

ती हसली नाही. "माज्या पोरांची वाट खरवडलाव तुमी."

तिनं सांगितलं तेव्हा कळलं. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्या आहेत. पांढरं थडगं आणि मागचा किल्ल्यातला उंच मनोरा एका रेषेत धरला, तरच होडी खोल पाण्यातून आत येते. वारा सुटला होता. आणि तिचे दोन्ही मुलगे, धर्मा आणि हिरा, परत येत होते... शीड दिसतच होतं.

आम्ही दोघं कोळीवाड्यात धावलो. चुना कालवला. बादली घेऊन परत येतो, तो होडी पट्टीवर उलथलेली.

होडीतल्या पाचांपैकी चौघे पोहत आले. हिरा आला नाही.

धर्मानं किनाऱ्यावर माझा सदरा धरला. "तुमी हाललाव कशाला?"

"कुठून?"

"थडग्यावरनं! पांढऱ्या कपड्यात, हात वर करून उभं व्हताव. आमाला वाटला, चुना न्हाय म्हणून मास्तरच खूण झालाय. तुमच्यावर होडी धरली. मंग तुमी उतरून बाजूला चालाय लागलाव... सावकाश. आमी पन वळलो."

बाकीचे तिघेही तेच सांगत होते.

गोमाआयनं त्याची मूठ सोडवली. "धर्मा, मास्तर माज्यासंगती चुना कालवत व्हतं."

"मंग तो कोन व्हता, आय?"



थडग्याभोवती खरवडलेल्या चुन्याचा सडा होता. त्यात पावलं दोघांचीच, माझी आणि गोमाआयची. संध्याकाळी मीच दगडाला चुना दिला. अक्षरं वाचली नाहीत.

उन्हाची तिरीप, लाटांचा भास, थकलेले डोळे... सगळे सायंटिफिक खुलासे मी करून पाहिले. चौघांना एकच भास, आणि तोही चालणारा? जमत नाही. तिथं कोण उभं होतं, मला आजही ठाऊक नाही. पांढऱ्या खुणेची जागा मात्र मीच मोकळी करून दिली होती.