पहिल्या घाण्याची ज्वारी

हातोडी एकदाच बसली, नवऱ्याच्या कानावर. तो गिरणीच्या दगडाला टेकत खाली सरकला, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. मी झाडू घेतला.

हे कोणालाच माहीत नाही — मुलाला नाही, वकिलाला नाही. देवापुढेही बोलले नाही. तुम्हाला सांगते. शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, तेवढ्यावर जमेल तसं लिहिते.

तेलंगणात, आदिलाबादजवळच्या जैनथकडे आमचं गाव. रस्त्याला लागून आमची एक खोली, तिच्यात मारोती वीस वर्षं किरायानं पिठाची गिरणी चालवायचा. मुलाला तिथं बी-बियाण्याचं दुकान टाकायचं होतं. मारोती सोडत नव्हता. "मशीन सिमेटात गाडेल हाये काका, उपटून नेऊ कुठं?" दावा कोर्टात पडून होता. नवरा म्हणायचा, कोर्ट सांगेल तसं करू. मला तेवढा धीर नव्हता.

त्या सकाळी मारोतीची बायको सुमन ओसरीवर आली. "काकू, टाकी लावून राह्यले ते आज. किडकी ज्वारी असन तं द्या थोडी."

दगड गुळगुळीत झाले की वरचा दगड उलटून हातोडीनं खाचा पाडतात — ती टाकी. त्यानंतरच्या पहिल्या घाण्यात दगडाची कच येते, ते पीठ कोणी खात नाही. म्हणून त्यात किडकं धान्य घालतात, आणि ते दर वेळी माझ्याच घरून जायचं. भांडण असूनही जायचं. त्या दिवशीही दिलं, सूपभर.

दिलं, आणि सरळ आत जाऊन नवऱ्याला म्हणाले, "गिऱ्हाईक नाई आज गिरनीत. टाकी लावून राह्यला तो. कुलूप घाला न जाऊन — का मंग त्यालेच मालक म्हनत बसू?"

तो कुलूप घेऊन उठला. मी मागून गेले. कशाला गेले? पाहायला.

मारोती उलट्या दगडापुढे बसला होता. नवऱ्यानं मागून त्याची मान धरली, तोंड दगडावर दाबलं. सोड म्हणायला मला किती वेळ लागला असता? पण मला बरं वाटत होतं — खरं सांगते, बरं वाटत होतं. मारोतीचा एक हात मोकळा होता. त्यात हातोडी होती.

ऑटो आणायला मारोतीच धावला. तेवढ्या वेळात मी झाडलं. फरशीवरची दगडाची ताजी पूड दिसली की कोणीही म्हणेल, मारोती कामाला बसला होता, चालून हिचा नवराच गेला. नवऱ्याच्या पायाखालचीही पूड काढली — पाय उचलून. नालीत टाकली. मग पाणी दिलं. ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. आदिलाबादचा दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

कोर्टात मी सांगितलं — टाकी आदल्या दिवशीच लावून झाली होती, दगड चढवायला माणूस मिळाला नाही म्हणून तसाच उलटा होता. हातोडी मारोतीनं त्या दिवशी घरून आणली, पिशवीत लपवून. माझा नवरा दारातच उभा होता. मी मराठीत बोलले, कारकुनानं तेलुगूत उतरवलं, मी सही केली. मारोतीला जन्मठेप झाली.

सुमननं हैदराबादला अपील केलं. त्याआधी एकदा आली. बसली नाही, उभ्यानंच बोलली. "काकू, त्या दिवशीची ज्वारी तुमीच देल्ती न? वकील म्हनते, तेवढं लिहून द्या. बाकी काई नका सांगू."

मी म्हणाले, "कोनती ज्वारी?"

 ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. "सूप तं अजून माह्याच घरी हाये, काकू," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सूप आमच्या ओसरीवर पालथं ठेवलेलं होतं. मी ते चुलीत घातलं.

अपील फेटाळलं. डोळ्यांनी पाहणाऱ्या बाईवर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही, असं निकालात लिहिलं होतं. मुलानं मला ते दोनदा वाचून दाखवलं. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले.

खोली रिकामी झाली, पण बाप जिथं पडला तिथं मुलाला दुकान नको. तो बेल्लमपल्लीला राहतो. खोलीत आता माझ्या सरपणाच्या तुराट्या असतात.

मारोती तुरुंगातच वारला. सुमन जैनथच्या बाजारात भाजी विकते. मी दिसले की पाटीवर फडकं ओढते.

मी जिवंत आहे. दात शाबूत आहेत, भाकरी चावते.